आधी शून्य बघा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गावर मी बरीच वर्षं शिकवलं. काही वर्षं धुळ्यात, काही जळगावात. दरवर्षी नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहीत नसे. लोखंडाचा एक तुकडा आणि पोलादी पट्ट्या टेबलावर ठेवायचो आणि सांगायचो, "एकेकाने या, याची लांबी मोजा, चिठ्ठीवर लिहा. शेजाऱ्याला दाखवायचं नाही." वीस मुलांच्या वीस चिठ्ठ्या गोळा झाल्या की आकडे फळ्यावर मांडायचो. कुणाचे ७५ मिलिमीटर, कुणाचे ७४, कुणाचे साडेचौऱ्याहत्तर, आणि एखाद्याचे हमखास ८५!

८५ वाचल्यावर वर्गात हशा पिकायचा. पण तो मुलगा वेंधळा नसायचा. पट्टीचं टोक झिजलेलं दिसल्यामुळे त्याने एक सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजलेलं असायचं. विचार अगदी कारागिराचा होता, फक्त शेवटी ते दहा मिलिमीटर वजा करायचे राहून गेले होते. मी मुलांना विचारायचो, "तुकडा एक, पट्ट्या सारख्या, मग उत्तरं निरनिराळी कशी?" कुणी म्हणायचं डोळा तिरका धरला, कुणी म्हणायचं तुकड्याला बारीक कड राहिली होती. आमचा अभ्यास तिथून सुरू व्हायचा. मोजणं म्हणजे आकडा वाचणं, हा समज पहिल्या दिवशी मोडला की पुढचं काम सोपं होतं.

आमच्या खानदेशात एक शब्द फार चालतो : 'व्हई जाई'. होऊन जाईल. पाऊस लांबला, व्हई जाई. पंगतीला माणसं वाढली, व्हई जाई. या शब्दाला मी नावं ठेवणार नाही. कोरड्या वर्षांत याच शब्दाच्या आधारावर माणसं तगली आहेत. पण हा शब्द वर्कशॉपच्या दारातून आत आला की घोटाळा करतो. तिथे एक शतांश मिलिमीटर चुकलं तर ते 'व्हई जात' नाही.

हे उदाहरणानेच सांगतो. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरीत बेअरिंग असतं. समजा त्याचं भोक २५ मिलिमीटरचं आहे. त्यात बसणारा शाफ्ट भोकापेक्षा कणभर जाड लागतो. किती जाड? नेहमीच्या एका फिटसाठी २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीच्या लहानशा हिश्शात सगळा खेळ. शाफ्ट जास्त जाड झाला तर बेअरिंग आवळून गरम होतं, बारीक झाला तर ते शाफ्टवर सैल फिरतं. सैल झालं की काही ठिकाणी काय करतात, हे शेतकरी श्रोत्यांना ठाऊक असेल. शाफ्टवर पंचाने ठोकून खाचा पाडतात. खाचांच्या कडा वर येतात आणि बेअरिंग तात्पुरतं घट्ट बसतं. मोटर सुरू होते, दोघेही खूश. काही दिवसांनी त्या कडा दबतात, शाफ्ट डुगडुगतो, आतला फिरता भाग बाहेरच्या भागाला घासतो आणि वाइंडिंग जळतं. तेव्हा नेमकं केळीला पाणी द्यायचं असतं. एका न घेतलेल्या मापाची किंमत शेवटी बागेने मोजलेली असते.

आमच्याकडे येणारी मुलं मोजमाप अजिबात न येणारी असतात, असं मात्र समजू नका. कुणाचे वडील गवंडी, कुणाचे सुतार. गुण्या, ओळंबा, पाणसळ ही घरातली हत्यारं. वीत आणि हात अंगावरचे. आणि 'सूत' तर तोंडातलं माप. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. आपल्याकडे वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, तो पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाला. पण बाजारातलं सूत काही गेलं नाही. आजही घर बांधणारा माणूस दुकानात 'चार सुती सळई' मागतो आणि त्याला १२ मिलिमीटरची मिळते. चार सूत म्हणजे खरे १२.७ मिलिमीटर. फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी, पण सळईचं बळ तिच्या जाडीच्या वर्गावर असतं. हिशेब केला तर छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ अकरा टक्के कमी भरतं. यात दुकानदाराची फसवणूक नाही, १२ मिलिमीटर हेच आजचं प्रमाण माप आहे. फक्त तोंडातलं माप आणि हातातलं माप वेगळं आहे, हे मागणाऱ्याला ठाऊक हवं.

जाता जाता गवंडी-इंजिनिअर मंडळींचं एक सूत्र सांगतो. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एक मीटर सळईचं वजन किलोत मिळतं. १२ चा वर्ग १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. १२ मीटरची सळई सुमारे १०.६७ किलो भरली पाहिजे. थोडाफार फरक मानकात मान्य असतो, पण किलो-दीड किलो कमी भरली तर विचारायला हरकत नाही.

आता हत्यारांकडे वळू. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. त्याच्या पुढे डोळा थकतो. तिथे व्हर्नियर कॅलिपर लागतो. पिएर व्हर्निए नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १६३१ साली ही युक्ती मांडली आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा कळल्यावर हसू येतं. मुख्य पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा. तिच्यावर सरकणाऱ्या छोट्या पट्टीवर ४९ मिलिमीटरचे ५० सारखे भाग. म्हणजे छोटा भाग मोठ्या भागापेक्षा ०.०२ मिलिमीटरने लहान. जबड्यांत वस्तू धरली की छोट्या पट्टीचं शून्य कुठवर गेलं ते बघायचं, समजा २४ च्या पुढे. मग छोट्या पट्टीची कोणती रेघ वरच्या रेघेशी बरोबर जुळते ते शोधायचं, समजा एकोणिसावी. एकोणीस गुणिले ०.०२ म्हणजे ०.३८. माप झालं २४.३८. डोळ्याला अंतर मोजता येत नाही, पण दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत हे तो फार छान सांगतो. डोळ्याला जे जमतं तेच काम त्याला दिलं, ही त्या युक्तीतली गंमत.

त्याहून बारीक काम मायक्रोमीटरचं. पॅरिसच्या पामर यांनी १८४८ साली त्याचं पेटंट घेतलं. ते स्क्रूच्या पेचावर चालतं. एक पूर्ण फेरा दिला की स्क्रू अर्धा मिलिमीटर पुढे जातो आणि त्या फेऱ्याचे ५० भाग केलेले असतात. एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर. मुलं सुरुवातीला ते पान्यासारखं आवळतात. जोर लावला की पोलादही दबतं आणि माप कमी येतं. म्हणून टोकाला कटकट वाजणारी रॅचेट असते. ठरावीक दाब आला की ती घसरते. मी सांगायचो, "तीन वेळा कट वाजू दे आणि थांब. तुझी ताकद मोजायची नाहीये, जॉबची जाडी मोजायची आहे."

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. शिक्षक होण्याआधी, शिकाऊ असताना धुळ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर पत्र्याचं छप्पर. तेलघाण्याच्या मशीनसाठी गनमेटलचे तीस बुश करायचे होते. बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर अधिक तीन-चार शतांश, म्हणजे ते जागेत दाबून घट्ट बसतील. मी प्रत्येक बुश लेथवरून काढायचो, लगेच मायक्रोमीटर लावायचो, ४०.०४ आलं की बाजूला ठेवायचो. तिसांपैकी एकही चुकला नाही म्हणून मनात फुगलो होतो.

दुसऱ्या दिवशी बसवायला घेतले तर बुश बोटाने आत गेले. दाबायची गरजच नाही. आमच्या मिस्तरींनी आवाज चढवला नाही. लेथवरून नुकताच उतरलेला एक बुश माझ्या हातात दिला, म्हणाले, "मोज." ४०.०४. मग तो पाण्याच्या बादलीत टाकला, विडी ओढून झाल्यावर काढला, पुसला. "आता मोज." ४०.०२ च्याही किंचित आत. मला दरदरून घाम फुटला. कापताना धातू तापतो, तापला की फुगतो, हे मी शाळेत पाठ केलं होतं. गनमेटल एका अंशाला लाखात जवळपास दोन भाग वाढतं. बुश मायक्रोमीटरपेक्षा तीसेक अंशांनी गरम असेल तर ४० मिलिमीटरमागे दोन शतांशांहून जास्त फरक पडतो. माझ्या मापात नेमका तेवढाच फरक होता. तीस बुश भंगारात गेले आणि माझ्या पगारातून काही महिने पैसे कापले गेले. पण तो धडा स्वस्तातच मिळाला, असं आज वाटतं.

जगभर लांबीचं माप २० अंश सेल्सिअस तापमानाला धरलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा १०० मिलिमीटरची पोलादी वस्तू सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढलेली असते. मापाचं हत्यार आणि जॉब दोन्ही पोलादाचे असतील आणि एकाच टेबलावर तास-दोन तास शेजारी पडलेले असतील, तर दोन्ही सारखेच वाढतात आणि फरक मिटतो. म्हणून जाणता माणूस उन्हातून आणलेला जॉब लगेच मोजत नाही, आणि मायक्रोमीटर हाताच्या उबेत घट्ट धरून बसत नाही. पीव्हीसीचा पाइप तर पोलादाच्या पाच-सहा पट वाढतो. सहा मीटरच्या पाइपात २० अंशांच्या फरकाने सुमारे आठ मिलिमीटर वाढ होते. जळगावच्या पाइपांनी गावोगाव पाणी नेलं, ते पाइप जोडणाऱ्यांना ही वाढ ठाऊक असावी लागते. भर दुपारी ताणून जोडलेली लाइन पहाटे आखडते आणि मग सांधा बोलू लागतो.

आपल्या भागात या कौशल्याला काम भरपूर आहे. भुसावळला रेल्वेच्या इंजिनांची दुरुस्ती होते. ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं, आणि एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये १६०० मिलिमीटर. त्यात एक-दोन मिलिमीटरचीच सूट. वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे. एका गावी झालेलं काडतूस दुसऱ्या गावी झालेल्या बंदुकीत बसलंच पाहिजे. असं काम लाखोंच्या संख्येने असतं तेव्हा प्रत्येक नगाला आकडा वाचत बसत नाहीत, गेज वापरतात. भोकासाठी दोन टोकांचा गेज : एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. 'गो' आणि 'नो-गो'. भोक २५ ते २५.०२१ मिलिमीटर चालणार असेल तर एक टोक २५ चं, दुसरं २५.०२१ चं. ज्याला अक्षर ओळखता येत नाही तोही हे काम करू शकतो. अट एकच, नो-गो टोक जोर लावून आत घालायचं नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी आज हा विषय घेतला, तो सांगतो. एकदा आमची अकरा मुलं एका कारखान्यात निवडीसाठी गेली होती, मी सोबत होतो. तिथल्या साहेबांनी प्रत्येकासमोर एक व्हर्नियर आणि एक बुश ठेवला. "व्यास लिहा." सोपं काम. मुलं भराभर मोजून लिहू लागली. नऊ जणांनी आकडा लिहिला, दहावा गोंधळला. अकरावा मुलगा साक्री तालुक्यातला, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, वर्गात फारसा न बोलणारा. त्याने बुशला हातच लावला नाही. आधी व्हर्नियरचे जबडे फडक्याने पुसले, मिटवले, खिडकीकडे धरून बघितले. मग उभा राहून म्हणाला, "सर, हे मिटवल्यावर शून्य दाखवत नाही. सहा शतांश जास्त दाखवतं. वजा करून लिहू, का दुसरं देता?"

साहेबांनी मुद्दाम बिघडलेली व्हर्नियर ठेवली होती. त्या मुलाला तिथेच घेतलं.

परतीच्या एसटीत मुलं त्याची पाठ थोपटत होती. मी मात्र खिडकीबाहेर बघत बसलो होतो. बाकीच्या नऊ जणांनी मापं अचूक वाचली होती, मी शिकवलं तशीच. मग ती नापास का झाली? विचार करता करता लक्षात आलं. रोज संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी स्वतः सगळी हत्यारं पुसायचो, शून्य तपासायचो, बिघडलेली बाजूला काढायचो. मुलांना अडचण नको म्हणून. दोन वर्षांत त्यांच्या हाती एकदाही चुकीचं हत्यार आलं नव्हतं. 'आधी शून्य बघा' हे वाक्य त्यांनी वहीत लिहिलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, पण त्याची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. माझ्या काळजीने त्यांचं नुकसान केलं होतं. त्या एका मुलाने ही सवय कुठून उचलली, हे मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "सर, उसाच्या गाडीचं वजन करताना आबा आधी रिकामा काटा बघायचे."

तेव्हापासून मी कपाटात एक बिघडलेली व्हर्नियर कायम ठेवू लागलो. कोणती ते सांगायचं नाही. ज्याच्या हाती ती येईल त्याने ओळखायची. पहिल्या महिन्यात बरेच फसायचे, दिवाळीपर्यंत कुणी फसत नसे.

हल्ली डिजिटल कॅलिपर आले आहेत. आकडा समोर उमटतो, रेघा जुळवायच्या नाहीत. चांगली गोष्ट आहे, म्हातारपणी मलाही बरं पडतं. पण त्यावर शून्याचं एक बटण असतं आणि ते जबडे कुठेही असताना दाबलं तरी तिथेच शून्य होतं! यंत्र तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवतं. ते खरं सांगायची जबाबदारी तुमचीच राहते. तीच गोष्ट कारखान्यातल्या नोंदवहीची. दर तासाला पाच नग मोजून लिहायचे असतात. शिफ्ट संपता संपता न मोजताच साजरे आकडे भरण्याचा मोह होतो. असा कागद जाणकाराच्या लगेच लक्षात येतो, कारण खरी मापं कधी इतकी सारखी येत नाहीत.

या खरेपणाची एक साखळी आहे. वर्कशॉपमधला मायक्रोमीटर स्लिप गेजवर तपासतात, ते गेज प्रयोगशाळेत तपासले जातात, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचते. एके काळी किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक दंडगोल होता. २० मे २०१९ पासून तोही निवृत्त झाला आणि किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकावर ठरवला गेला. इतक्या दुरून आलेल्या साखळीची शेवटची कडी म्हणजे साक्रीच्या त्या मुलाचा हात. ती कडी निसटली तर वरच्या सगळ्या कड्या फुकट.

पालकांना शेवटी एक विनंती. मुलं आयटीआयला जाण्याची वाट बघू नका. मुलगा असो वा मुलगी, हातात पट्टी द्या आणि विचारा, वहीचा एक कागद किती जाड? तो म्हणेल, मोजता येत नाही. मग दोनशे पानी वही द्या. दोनशे पानं म्हणजे शंभर कागद. पुठ्ठे सोडून दाबून मोजा, सात-आठ मिलिमीटर भरतील. भागिले शंभर. घरात मायक्रोमीटर नसताना पोराने शतांश मिलिमीटर मोजलेला असेल. शेतात ठिबक असेल तर ताशी चार लिटरच्या ड्रिपरखाली घड्याळ लावून एक मिनिट औषधाचं मापाचं भांडं धरायला सांगा. साधारण ६७ मिलिलिटर पाणी पडायला हवं. नळीच्या सुरुवातीला एकदा, शेवटच्या टोकाला एकदा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर कुठे अडलंय ते शोधायला तेच पोर पुढे पळेल.

आणि मापाला हात घालण्याआधी त्याला एवढंच सांगा, आधी शून्य बघ.